लोमाचेंकोचा खांदा आणि हरल्यावर सांगितलेली दुखापत

प्रश्न असा आला आहे: १७ ऑक्टोबर २०२० रोजी युक्रेनचा बॉक्सर वासिल लोमाचेंको हा अमेरिकेच्या टिओफिमो लोपेझकडून हरला. नंतर त्याच्या गोटातून सांगण्यात आलं की उजवा खांदा लढतीच्या आधीपासूनच दुखावलेला होता. हा बहाणा होता का? खांदा धड असता तर निकाल उलटा लागला असता का? आणि शस्त्रक्रिया करून परतणाऱ्या बॉक्सरच्या पुढच्या लढतींचा अंदाज कशावरून बांधायचा?

मी २२ वर्षं पुण्यात मुलांना बॉक्सिंग शिकवतो. मोठ्या व्यावसायिक लढतींच्या कॉर्नरला मी उभा राहिलेलो नाही. माझी मुलं शालेय, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत खेळणारी. पण दुखरा खांदा लपवणारा बॉक्सर लास व्हेगासमध्ये जसा हात परत आणतो, तसाच बालेवाडीच्या रिंगमध्येही आणतो. ती खूण मी बरीच वर्षं पाहतो आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

आधी सरळ उत्तर देतो. दुखापत खरी होती आणि लोपेझचा विजयही खरा होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. चाहत्यांची सगळी भांडणं यातली एकच खरी धरून चालतात. लोमाचेंकोचे चाहते म्हणतात, खांदा गेला होता म्हणजे विजय खोटा. लोपेझचे चाहते म्हणतात, विजय चोख होता म्हणजे खांदा खोटा, नाचता येईना अंगण वाकडं. मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात.

खांद्याचा इतिहास पाहा. १२ मे २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोमाचेंको होर्हे लिनारेसशी लढला. त्या लढतीत हाच उजवा खांदा सुरुवातीच्या राऊंडमध्येच दुखावला. सहाव्या राऊंडमध्ये तो खालीही पडला, तरी दहाव्यात त्याने लिनारेसला यकृतावर ठोसा मारून बसवलं. नंतर लॉस एंजेलिसचे शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. नील एलाट्राश यांनी तो खांदा दुरुस्त केला. त्या वेळी ‘बहाणा’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही, उलट एका हाताने जिंकला म्हणून वाहवा झाली. २०२० मध्ये लोपेझकडून हरल्यावर थोड्याच दिवसांत त्याच खांद्यावर त्याच डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. एकच खांदा, एकच डॉक्टर. जिंकल्यावर आपण त्याला जिद्द म्हणालो आणि हरल्यावर रडगाणं. म्हणजे आपण दुखापत तपासतच नव्हतो, निकाल पाहून तिला नाव देत होतो.

आता खांद्याचं काम समजून घेऊ, कारण सगळा वाद इथेच अडकतो. लोमाचेंको साउथपॉ, म्हणजे उजवा हात पुढे आणि डावा मागे. घरी बसून पाहणाऱ्याला वाटतं की साउथपॉचा खरा हात डावा, मग उजवा दुखला तर बिघडलं काय? तर पुष्कळ बिघडतं. समोर ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा हात पुढे ठेवणारा बॉक्सर असला की दोघांचे पुढचे पाय आणि पुढचे हात एकमेकांसमोर येतात. साउथपॉ त्या पुढच्या हाताने अंतर मोजतो, समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बाजूला सारतो, त्याच्या ग्लोव्हवर टिचक्या मारून त्याचं लक्ष तिथेच अडकवतो आणि तेवढ्यात पाऊल बाहेरच्या बाजूला टाकून कोन घेतो. लोमाचेंकोचं जे पदलालित्य लोक वाखाणतात, त्याचं दार हा उजवा हात उघडतो. दार लागलं की आत जायचा रस्ता एकच उरतो: समोरून, ठोसे खात.

यातली शरीराची बाजू पाहा. खांद्याची वाटी फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. जॅब सुटतो तेव्हा मोठे स्नायू हात पुढे फेकतात. पण तो हात थांबवायचं आणि परत आणायचं काम या छोट्या स्नायूंच्या मागच्या भागावर पडतं. म्हणून कफ दुखावलेल्या बॉक्सरला लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा जास्त दुखतो. ठोसा लागला तर समोरच्याचं शरीर हाताला थांबवतं. हुकला तर थांबवायचा सगळा भार त्या फाटक्या स्नायूवर येतो. आमच्याकडे असा मुलगा बॅगवर नीट खेळतो, कोचला वाटतं सगळं ठीक आहे. त्याला आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेतच ठोसे मारायचा सराव, करायला लावा. चौथ्या-पाचव्या जॅबनंतर हात पुरता लांब होत नाही, कोपर बाहेर पडतं, आणि परत येताना ग्लोव्ह गालाशी न येता छातीपाशी येतो. मुलगा ‘काही नाही सर’ म्हणत असतो आणि हात सगळं सांगून टाकतो.

हे डोक्यात ठेवून लोपेझची लढत पुन्हा पाहा. पहिले सहा-सात राऊंड लोमाचेंको जवळजवळ काही फेकतच नाही. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत १२ राऊंडमध्ये त्याने ३२१ ठोसे फेकले, लोपेझने ६५९. म्हणजे राऊंडला सरासरी २७ विरुद्ध ५५. लागलेले ठोसे मात्र १४१ आणि १८३. फेकलेल्यांत दुप्पट फरक आणि लागलेल्यांत तेवढा नाही. लोमाचेंको नेमका मारत होता पण मारायलाच तयार नव्हता, असं हे आकडे सांगतात. हुकलेला ठोसा ज्याला महाग पडतो तो असाच खेळतो: खात्री असल्याशिवाय हात सोडत नाही.

मग खांद्यानेच हरवलं का? इथे मी लोमाचेंकोच्या चाहत्यांपासून वेगळा होतो. हात न सोडण्याचं दुसरं कारण समोर उभं होतं. लोपेझ २३ वर्षांचा, लोमाचेंको ३२ चा. लोपेझ हाडापेराने मोठा. लोमाचेंको फेदरवेटपासून वर चढत ६१ किलोच्या गटात आलेला, तर लोपेझ त्या गटातही वजन उतरवून उतरत होता. साउथपॉवर सगळ्यात जास्त चालणारा ठोसा म्हणजे मागचा सरळ उजवा, आणि तो लोपेझकडे जबरदस्त होता. डिसेंबर २०१९ मध्ये रिचर्ड कॉमीला त्याने दुसऱ्याच राऊंडमध्ये लोळवलं होतं. त्या रात्री लोपेझने आंधळी घाई केली नाही. लांबून जॅब, मग शरीरावर सरळ उजवा, आणि लोमाचेंको कोन घ्यायला वळला की त्याच दिशेने हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. हे त्याने बारा राऊंड न विसरता केलं. खांदा धड असलेला माणूसही अशा बॉक्सरसमोर पहिले काही राऊंड अंदाज घेतो.

शिवाय आठव्यापासून अकराव्यापर्यंत लोमाचेंको आत घुसला आणि चांगला खेळला, तेव्हा उजवा हातही चालला. लोपेझचे चाहते यावर बोट ठेवतात की खांदा एवढा गेला होता तर हे कसं जमलं? जमतं. लढत हातातून निसटताना अंगात जी ऊब आणि रग येते तिच्यात दुखणं काही वेळ मागे पडतं. मी स्वतः अशी मुलं पाहिली आहेत जी बाऊट संपल्यावर बनियन काढू शकली नाहीत. पण याचा दुसरा अर्थही लोमाचेंकोच्या चाहत्यांनी घ्यायला हवा. हात आठव्या राऊंडमध्ये चालू शकत होता, तर चौथ्यातही थोडाफार चालला असता. न चालवणं हा काही अंशी डावपेचाचा निर्णय होता आणि तो चुकला. बाराव्या राऊंडमध्ये लोपेझ पुन्हा तुटून पडला आणि शेवटचा ठसा त्याचाच उमटला.

पंचांची कार्डं होती ११६-११२, ११७-१११ आणि ११९-१०९ (राऊंड जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला सहसा ९). शेवटचं कार्ड मला मान्य नाही, अकरा राऊंड लोपेझचे होते असं म्हणणं लोमाचेंकोवर अन्याय आहे. ११६-११२ म्हणजे आठ-चार, ते मला पटतं. खांद्याने लोमाचेंकोचे किती राऊंड खाल्ले असतील? माझ्या मते दोन. ते दोन त्याच्या पारड्यात टाकले तर सहा-सहा, ११४-११४, बरोबरी. धडधाकट लोमाचेंको सहज जिंकला असता असं मी म्हणणार नाही. लढत नाण्याच्या कडेवर आली असती, एवढंच. हा माझा अंदाज आहे, पण बारा राऊंड दोनदा आवाज बंद करून पाहिल्यावर केलेला आहे. समालोचकाचा आवाज बंद केला की डोळे पुढच्या हाताकडे जातात, एकदा करून बघा.

दुखापतीचा दावा तोलताना मी आणखी एक गोष्ट पाहतो: दुखापत कुणाला, कधी माहीत होती. लोमाचेंकोने त्या रात्री रिंगमध्ये खांद्याचं नाव पुढे केलं नाही. लढतीचा उत्तरार्ध आपला होता असं तो म्हणाला, निकाल त्याला पटला नव्हता. खांद्याची गोष्ट नंतर त्याच्या माणसांकडून आली आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती खरी ठरली. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं होतं. तोही साउथपॉ, त्याचाही उजवा खांदा, आणि योगायोग असा की शस्त्रक्रियाही डॉ. एलाट्राश यांचीच.

२ मे २०१५, लास व्हेगास. फ्लॉइड मेवेदरकडून पॅकियाओ ११८-११०, ११६-११२, ११६-११२ असा हरला आणि लगेच पत्रकारांसमोर खांद्याबद्दल बोलला. चारच दिवसांनी, ६ मे रोजी, रोटेटर कफची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे दुखापत होतीच. पण लढतीच्या आदल्या दिवशी नेवाडा राज्याच्या बॉक्सिंग आयोगाच्या वैद्यकीय अर्जावर एक प्रश्न होता: खांदे, कोपरं किंवा हात यांना तपासणीची गरज पडेल अशी काही इजा झाली आहे का? त्यावर ‘नाही’ अशी खूण होती. अमली द्रव्य चाचणी करणाऱ्या संस्थेला दुखापतीची आणि औषधाची कल्पना दिलेली होती, पण लढतीला परवानगी देणाऱ्या आयोगाला नव्हती. मग लढतीच्या संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये टोराडॉल या वेदनाशामकाचं इंजेक्शन मागितलं आणि आयोगाने नाकारलं. आयोगाचं मला पटतं. जी दुखापत कागदावर नाही तिच्यासाठी ऐन वेळी सुई कशी द्यायची? पॅकियाओच्या बाजूने ती खूण नजरचुकीने झाली असं सांगण्यात आलं. झालीही असेल. पण अर्जातला एक चौकोन चुकला की खरी दुखापतसुद्धा लोकांना खोटी वाटते, आणि पॅकियाओच्या वाट्याला तेच आलं.

अमेरिकेत तर चाहते कोर्टात गेले. घरी बसून ही लढत बघायला जवळजवळ १०० डॉलर पडले होते, आणि सुमारे ४६ लाख घरांनी ती विकत घेतली होती. आम्हाला अंधारात ठेवून जखमी माणसाची लढत विकली, असं त्यांचं म्हणणं. हे दावे २०१७ मध्ये फेटाळले गेले आणि २०१९ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं: लोकांनी एका पूर्ण लढतीचे पैसे दिले होते आणि ती त्यांना मिळाली. कायद्याने ते बरोबर असेल. पण ज्याने पैसे मोजून रात्र जागवली त्याचा राग मी खोटा मानत नाही.

लढतीबद्दल बोलायचं तर पॅकियाओचे ४२९ पैकी ८१ ठोसे लागले. उरलेल्या ३४८ पैकी काही गार्डवर अडले, काही हवेत गेले. हुकवण्यात मेवेदरइतका तरबेज माणूस त्या काळात दुसरा नव्हता, आणि कफ फाटलेल्या बॉक्सरला समोर नेमका असाच माणूस नको असतो. तरीही माझं मत असं की ती लढत दोन्ही खांदे धड असूनही पॅकियाओ हरला असता. मेवेदरने अंतर आणि वेळ दोन्ही आपल्या हातात ठेवली होती. खांद्यामुळे हार थोडी मोठी दिसली असेल इतकंच.

ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर डेव्हिड हे याचं उदाहरण मला सगळ्यात शिकवण्याजोगं वाटतं, कारण तिथे माणूस एकच आणि प्रसंग दोन. २ जुलै २०११ रोजी हॅम्बुर्गमध्ये डेव्हिड हे हा व्लादिमिर क्लिच्कोकडून सगळ्या कार्डांवर हरला. नंतर त्याने टेबलावर चढून पायाची मोडलेली करंगळी कॅमेऱ्यांना दाखवली. आजही लोक हसतात. मला हसू येत नाही. मागचा पाय टेकवताना दुखत असेल तर हेवीवेटचा उजवा ठोसा जमिनीतून येतच नाही, आणि हेचा सगळा खेळ लांबून उडी घेऊन उजवा मारण्याचा होता. पण त्याने आधी महिनोन्‌महिने इतकी आव्हानं दिली होती, इतकं हिणवलं होतं, की लोकांनी करंगळी पाहिलीच नाही, त्याची बढाई पाहिली. नंतर ४ मार्च २०१७ रोजी टोनी बेल्यूविरुद्ध लढताना हेच्या टाचेवरचा अकिलीस स्नायूबंध तुटला. तो लंगडत, दोरांना धरत अकराव्या राऊंडपर्यंत उभा राहिला, शेवटी त्याच्या कॉर्नरने टॉवेल टाकून हार मानली. त्या रात्री त्याला कोणी सबब विचारली नाही, कारण दुखापत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली होती. आणि तरीही मे २०१८ च्या रीमॅचमध्ये बेल्यूने त्याला पाचव्या राऊंडमध्येच संपवलं. टाच तुटली नसती तर पहिली लढत डेव्हिड हे जिंकला असता असं मानणाऱ्यांना तिथे उत्तर मिळालं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या उन्हाळ्यात, विकास कृष्ण जपानच्या ओकाझावाकडून ५-० हरला. तो खांद्याची दुखापत घेऊन उतरला होता हे लोकांना नंतर कळलं, आणि ‘आता कशाला सांगता’ असा सूर निघाला. त्याच स्पर्धेत सतीश कुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उतरला, तोही ५-० हरला आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. सतीशचं धाडस मोठंच. पण टाके दिसतात आणि खांदा दिसत नाही, एवढ्यावरून एकाला शूर आणि दुसऱ्याला सबबखोर ठरवणं मला सहन होत नाही.

मग बॉक्सर आधी का सांगत नाही? कारण सांगण्याची किंमत तोच मोजतो. व्यावसायिक लढत पुढे ढकलली तर कॅम्पचा खर्च, प्रक्षेपणाची तारीख, कधीकधी लढतच हातची जाते. पॅकियाओ आणि मेवेदरची लढत ठरायलाच पाचेक वर्षं गेली होती. शिवाय दुखापत जाहीर झाली की समोरचा तिथेच मारतो. आपल्या मुलांची कारणं वेगळी आणि जास्त बोचरी आहेत. राज्याचं किंवा राष्ट्रीय पदक म्हणजे सेनादलात, रेल्वेत, पोलिसांत खेळाडू म्हणून नोकरीची शक्यता. वर्षातून एकदा येणारी स्पर्धा, गावाकडून आलेले वडील प्रेक्षकांत बसलेले. डॉक्टर विचारतात, ‘काही दुखतंय का?’ मुलगा म्हणतो, ‘नाही सर.’

माझ्या एका मुलाने असंच केलं. राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीआधी पॅडवर त्याच्या उजव्या हाताचा आवाज बदलला होता. धड हाताचा ठोसा पॅडवर टणकन वाजतो, हा बद्द वाजत होता. मी विचारलं, तो म्हणाला पट्टी सैल झाली आहे. मी पट्टी पुन्हा बांधली आणि आत पाठवलं. आवाज मी ऐकला होता, तरी मलाही ती फेरी हवी होती. हाताच्या मागचं हाड आधीच तडकलेलं होतं, दुसऱ्या राऊंडमध्ये ते सरकलं. त्याचं पुढचं जवळजवळ वर्ष गेलं. दोष त्याचा नव्हता, १७ वर्षांचा होता तो. ज्याने आवाज ऐकला त्याने थांबवायचं असतं. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: आवाज बदलला की पट्टी सोडून उघडा हात दाबून बघायचा, आणि मूठ वळताना चेहरा आवळला तर बाऊट नाही, समोर फायनल असली तरी.

योग्य वेळी कळलं तर काय होतं हेही पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये एरॉल स्पेन्स पॅकियाओशी लढणार होता. लढतीआधीच्या तपासणीत डाव्या डोळ्याचा पडदा फाटलेला सापडला आणि लढत रद्द झाली. शस्त्रक्रिया करून स्पेन्स एप्रिल २०२२ मध्ये परतला आणि योर्डेनिस उगासला हरवून गेला. हाच उगास, ज्याने स्पेन्सच्या जागी ऐन वेळी उतरून पॅकियाओला हरवलं होतं. स्पेन्सची एक रात्र गेली, डोळा राहिला.

आता पुढच्या लढतींकडे येतो. रीमॅच व्हावी अशी इच्छा मलाही होती, ती झाली नाही आणि आता लोमाचेंको २०२५ मध्ये निवृत्तही झाला. मधल्या काळात चाहत्यांनी एक खेळ खूप खेळला: अमक्याने तमक्याला हरवलं, म्हणून तो याला हरवेल. त्या खेळाचं काय झालं ते बघा. जपानचा मासायोशी नाकातानी लोपेझसमोर पूर्ण १२ राऊंड टिकला होता. लोमाचेंकोने जून २०२१ मध्ये त्याला नवव्यातच थांबवलं. झालं, लोमाचेंकोचे चाहते म्हणाले, बघा. मग डिसेंबर २०२१ मध्ये लोमाचेंको कॉमीशी लढला आणि तो सामना १२ राऊंड चालला. लोपेझने त्याच कॉमीला दुसऱ्यात संपवलं होतं. आता लोपेझचे चाहते म्हणाले, बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्ज कॅम्बोसोसने लोपेझला हरवलं, आणि मे २०२४ मध्ये पर्थला लोमाचेंकोने कॅम्बोसोसला अकराव्यात थांबवलं. तिन्ही साखळ्या खऱ्या, आणि त्यांतून निष्पन्न काहीच नाही. नाकातानी उंच आणि सरळ रेषेत येणारा, त्याला कोन घेणारा माणूस जड जातो. कॉमी मोठ्या ठोशाच्या शोधात स्वतःला उघडा ठेवतो, त्याला एक जबर उजवा पुरतो. दोघांचं उत्तर वेगळं, म्हणून वेळ वेगळी.

कॅम्बोसोसकडून हरल्यावर लोपेझच्या बाबतीत जे निघालं तेही सांगायला हवं. त्या रात्री लोपेझ म्हणत राहिला की आपणच जिंकलो. काही दिवसांनी कळलं की अन्ननलिकेच्या फाटीमुळे त्याच्या छातीत, हृदयाच्या आसपास हवा साठली होती. वैद्यकाच्या भाषेत न्यूमोमेडिआस्टिनम, जिवावर बेतू शकणारी गोष्ट. ज्यांनी वर्षभर लोमाचेंकोच्या खांद्याची थट्टा केली होती, त्यातल्या कित्येकांनी लोपेझची छाती लगेच मान्य केली. मी दोन्ही मान्य करतो. आणि कॅम्बोसोसचा विजयही मान्य करतो, कारण लोपेझने पहिल्याच राऊंडमध्ये त्याला उडवायला हात मोकळे सोडले आणि त्याच राऊंडमध्ये स्वतः खाली पडला. तो डावपेच छातीतल्या हवेने सुचवला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्याबद्दल काय सांगू? पॅकियाओला नऊ ते बारा महिने लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अकरा महिन्यांनी, ९ एप्रिल २०१६ रोजी, त्याने टिमोथी ब्रॅडलीला दोनदा खाली पाडून तिन्ही कार्डांवर ११६-११० असं हरवलं. लोमाचेंको पहिल्या शस्त्रक्रियेनंतर डिसेंबर २०१८ मध्ये होसे पेड्राझाविरुद्ध परतला. जिंकला, शेवटाकडे दोनदा पाडलंही, पण आधीचे बरेच राऊंड तो जपून खेळला. व्हिताली क्लिच्को एप्रिल २००० मध्ये बर्लिनला ख्रिस बर्डविरुद्ध आघाडीवर असताना खांद्याचा कफ फाटला म्हणून नवव्या राऊंडनंतर स्टुलावरून उठला नाही. लोकांनी पळपुटा म्हटलं. तीन वर्षांनी लेनॉक्स लुईसशी लढताना डोळ्यावरची कातडी फाटून लोंबत होती आणि तो डॉक्टरांशी लढू द्या म्हणून भांडत होता. तेव्हा कुठे लोकांचे शब्द बदलले. स्टुलावर बसलेला व्हितालीही तोच माणूस होता.

म्हणून खांद्याची शस्त्रक्रिया झालेला बॉक्सर परत आला की मी पहिल्या राऊंडवर मत बनवत नाही. पहिल्या राऊंडमध्ये सगळ्यांचाच हात चालतो. चौथ्या-पाचव्या राऊंडमध्ये बघतो, जॅब हुकल्यावर ग्लोव्ह गालापर्यंत परत येतो की छातीपाशीच रेंगाळतो. मागे सरताना तो पुढचा हात फेकतो का, कारण मागे सरताना फेकलेला जॅब खांद्यानेच थांबवावा लागतो, पाय मदतीला नसतात. आणि बगलेत पकडल्यावर तो हात वर ठेवून ढकलतो की लगेच खाली घेतो. तिन्ही ठिकाणी हात ठीक असेल तर त्याच्या पुढच्या लढतीचा विचार मी जुन्या दुखापतीशिवाय करतो, फक्त त्याचं वय आणि समोरच्याची शैली धरून. हात रेंगाळत असेल आणि समोर हुकवणारा, मागे सरत खेळवणारा बॉक्सर ठरलेला असेल, तर पैज लावू नका. अंगावर येणाऱ्या माणसासमोर तोच बॉक्सर बरा दिसेल, कारण तिथे ठोसे हवेत कमी जातात.

लोमाचेंको आणि लोपेझची रीमॅच २०२१ च्या उत्तरार्धात झाली असती तर? नाकातानीविरुद्ध लोमाचेंकोचा उजवा हात चांगला परत येत होता, मागे सरतानाही चालत होता. लोपेझची छाती मात्र तेव्हा बिघडायच्या वाटेवर असेल किंवा नसेल. मी लोमाचेंकोला सात-पाच दिले असते. पण लोपेझ वजनाने वर गेला, जून २०२३ मध्ये त्याने ६३.५ किलोच्या गटात जॉश टेलरला हरवलं, आणि लोमाचेंको त्याच्या तीन आठवडे आधी डेव्हिन हेनीविरुद्धची वादग्रस्त हार पदरात घेऊन बसला होता. त्याआधी २०२२ मध्ये कॅम्बोसोसविरुद्ध विजेतेपदाच्या पट्ट्यांसाठी लढायची संधी त्याने सोडली होती, कारण युक्रेनवर हल्ला झाला होता आणि तो आपल्या गावी बिलहोरोद-द्निस्त्रोव्स्कीला सैनिकी वेशात उभा होता. ती जागा हेनीला मिळाली.